शेजारणीचा सलगम

सिंगापूरला जुरोंग ईस्टच्या आमच्या काँडो इमारतीत समोरच्या दारात एक आयरिश बाई राहायची, आणि माझी आठ वर्षांची लेक आमच्या घरापेक्षा तिच्याकडेच जास्त असायची. मला ते अजिबात सहन होत नव्हतं. बाई खडूस असती तर बरं झालं असतं. पण ती माझ्या चकल्यासुद्धा मिटक्या मारत खायची, त्यामुळे नावं ठेवायलाही जागा नव्हती.

त्या वर्षी हॅलोवीन आणि धनत्रयोदशी लागोपाठ आल्या. आकाशकंदील आम्ही मायलेकी घरीच करायचो. मी काड्या बांधायची, ती खळ लावून जिलेटिन चिकटवायची. यंदा मी सगळा पसारा मांडून बसले आणि ही समोर हॅलोवीनच्या दिव्यासाठी सलगम कोरायला पळाली. सलगम! आमच्या घरात ती भाजी कुणी तोंडात घेत नाही.

परत आली ती बोलतच, इथल्या मुलांसारखं 'लाह'चं शेपूट लावून.

"आई, पम्पकिन नंतर आला, अमेरिकेत. रिअल वन इज टर्निप, लाह! आणि मास्क का घालतात माहितीय? त्या दिवशी भुतं फिरतात, त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून. आंटीला सगळ्याचं कारण माहीत असतं."

ते शेवटचं वाक्य मला झोंबलं. म्हणजे मला माहीत नसतं? मी तडक पुण्याला आईला फोन लावला आणि यमदीपाची गोष्ट नीट विचारून घेतली. परीक्षेला बसल्यासारखी दोनदा म्हणूनही पाहिली.

धनत्रयोदशीला संध्याकाळी कणकेचा दिवा केला, दाराबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवला आणि लेकीला शेजारी बसवलं. दक्षिण ही यमाची दिशा, आज त्याला दिवा दिला की घरात अकाली मरण येत नाही, असं सगळं रंगवून सांगितलं. समोरचं दार उघडंच होतं. बाईला ऐकू जावं म्हणून आवाजही चढवला होता, मराठी तिला कळत नसलं तरी.

लेकीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आपण त्याला येऊ नको म्हणतो?"

"हो."

"आंटी 'या' म्हणते. काल तिने खिडकीत कँडल लावली. घरातली गेलेली माणसं येतात ना, त्यांना रस्ता दिसायला. तिच्या मम्मीसाठी चेअर पण ठेवली."

मी समोर पाहिलं. खिडकीपाशी ती खुर्ची अजून तशीच होती, आणि तिच्यासमोर चहाचा कप.

माझे बाबा सिंगापूरला यायचे होते. पासपोर्ट काढून झाला होता, कुठली बॅग आणायची यावरून आईशी भांडणही झालं होतं, आणि त्याच महिन्यात ते गेले. हे घर त्यांनी पाहिलंच नाही. समोरच्या बाईची आई मात्र दरवर्षी येत होती, खुर्चीत बसत होती. माझा नुसता जळफळाट झाला. आता लेकीवरून नाही, त्या खुर्चीवरून.

लेक आत गेली आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची फरफटत खिडकीपाशी घेऊन आली.

"आजोबांना आपला फ्लॅट सापडेल ना?" तिने विचारलं.

मी उठून चहा टाकला. भरपूर आलं घालून, बाबांना लागायचा तसा. एवढी साधी गोष्ट, आणि तीसुद्धा मला त्या बाईकडूनच मिळावी!