मालतीबाईंचा धवला

कोणाच्याही घरी गेल्या की मालतीबाई बसायच्या आधी रेडिओ बंद करायला सांगत. कुणी भिडेखातर नुसता आवाज बारीक केला, तर स्वतः उठून बटण फिरवत आणि म्हणत, "हां. आता तुमच्या घरात काय वाजतं ते ऐकू दे." आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा माझे सासरे बातम्या ऐकत होते. बातम्या अर्ध्यावर तुटल्या. सासरे पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मालतीबाईंनी मात्र त्याच बैठकीत सासूबाईंकडून रत्नागिरीकडची फुगडीची गाणी म्हणून घेतली. लग्नानंतर सासूबाई गायल्याचं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस मी भाईंदरच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा त्या तिथे चित्रकला शिकवत होत्या. चाळिशीच्या, अविवाहित, स्टेशनाजवळ भावाच्या कुटुंबाबरोबर दोन खोल्यांत राहणाऱ्या. त्यांच्याकडे सोळा मिलिमीटरचा एक जुना कॅमेरा होता. मायदेशी परतणाऱ्या एका पाद्रीबाबांकडून त्यांनी तो घेतला होता. त्याला घड्याळासारखी चावी द्यावी लागे. चावी संपली की चित्रीकरण थांबे, मग पुन्हा चावी. आवाज त्यात टिपला जात नसे; त्यासाठी माझ्या मामांचा टेपरेकॉर्डर होता आणि तो वाहायला मी होते. मिठागरांच्या बांधावरून ते धूड घेऊन जाताना मी कुरकुरले की त्या मागे न बघता म्हणत, "सुमन, हात दुखतो तो उद्या थांबेल. गाणं थांबलं तर काय करशील?"

भाईंदरजवळच्या राई गावातल्या आगरी लग्नावर त्यांना माहितीपट करायचा होता. वडे तळणाऱ्या, तांदूळ कांडणाऱ्या बायका, मिठागरातून परस्पर मांडवात आलेले पुरुष, हे सगळं त्यात हवंच होतं. पण खरा जीव होता तो धवल्यात. धवला म्हणजे त्या लग्नातली गाणी, आणि ती म्हणणारी बाई धवलारीण. हळदीपासून लग्न लागेपर्यंत ती देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. राईची धवलारीण होती हिरूबाय. वाळक्या अंगाची, दात पडलेली म्हातारी, पण आवाज असा की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला भांडी घासणारी बाईसुद्धा हात थांबवून ऐके.

पहिल्या लग्नाला आम्ही गेलो आणि मांडवाच्या खांबाला कर्णा बांधलेला दिसला. भाड्याने आणलेला. त्यावर सिनेमाची गाणी सुरू होती. हिरूबायने हळदीला तोंड उघडलं तेव्हा तिचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. मालतीबाई नवऱ्यामुलाच्या काकांकडे गेल्या, पुन्हा गेल्या. काका सभ्य गृहस्थ होते. बाई, पोरांची हौस आहे, तुमचं नंतर घ्या, असं ते समजावत राहिले.

"नंतर म्हणजे कधी?" मालतीबाईंनी विचारलं. "मुलगा परत लग्न करणार आहे का?"

यावर काका दुखावले आणि आम्हांला जेवायला बसवलं गेलं. वडे फार चांगले झाले होते. मालतीबाईंनी रागाने एकही खाल्ला नाही आणि मग परतीच्या वाटेवर वडे कसे होते ते मला खोदून खोदून विचारलं.

त्यांनी हिरूबायला विनवलं की तुझ्या ओटीवर नुसती बसून म्हण, आम्ही टिपून घेतो. हिरूबाय सुकट निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"लगीन न्हाय, तं धवला कसा बोलू, मास्तरीणबाय? देवांना हाक मारायची, ते येतील. आल्यावर त्यांना काय सांगू, कशाला बोलावलं?"

मला वाटलं, आता मालतीबाई वाद घालतील. पण त्या उठून चालू लागल्या. बांधावर आल्यावर चिडून म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे, हाच तर वैताग आहे." मग आम्ही कर्णा नसलेल्या लग्नाची वाट बघत बसलो. एकदा कर्णा नव्हता, तर टेपरेकॉर्डरची बॅटरी उतरली. एकदा सगळं जुळलं, तर ऐन वेळी कोरी फिल्म मिळेना. एकदा हिरूबायच तापाने पडली. दोन लग्नसराया अशाच गेल्या. शाळेत मुख्याध्यापक येता-जाता सिनेमा कुठवर आला म्हणून विचारत आणि हसत. मालतीबाई त्याचा राग फळ्यावर काढत, खडू मोडे.

शेवटी एक लग्न मिळालं. नवरीच्या आईनेच कर्ण्याला नकार दिला होता. हिरूबाय मनापासून गायली. मी टेप सांभाळत होते, मालतीबाई चावी देत होत्या. चावी संपे, गाणं चालूच राही, आणि चावी भरेपर्यंत समोरचं दृश्य निसटून जाई. त्या दातओठ खात चावी फिरवत. घरी खिडकीच्या उजेडात त्यांनी फिल्म कापली, जोडली, आणि जिथे चित्र नव्हतं तिथे काळी पट्टी लावली. गाणं मात्र कुठेही तोडलं नाही. पडद्यावर काळोख आणि टेपवर धवला, असं चाले.

तो माहितीपट घेऊन आम्ही मुंबईला, असे माहितीपट थिएटरांत लावणाऱ्या एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे पूर्ण बघितला. चित्रं सुंदर आहेत, असं ते मनापासून म्हणाले. पण काळे तुकडे काढावे लागतील, गाणं कुणाला कळणार नाही, तेव्हा त्यावर हिंदी निवेदन आणि मागे सतार घालू. मग देशभरच्या थिएटरांत लागेल. मालतीबाईंनी विचारलं, हिरूबायचा आवाज नुसता कुठे राहील का? सुरुवातीला थोडा, साहेब म्हणाले, मग निवेदन सुरू होईल.

मालतीबाईंनी फिल्मचे डबे पिशवीत भरले. "माणूस बोलत असताना मध्ये बोलू नये, एवढं मी पाचवीच्या मुलांना शिकवते," त्या म्हणाल्या. "आणि ही तर देवांशी बोलतेय."

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. थोडं सोडलं असतं तर लाखो लोकांनी बघितलं असतं, असं मला वाटत होतं. अजूनही अधूनमधून वाटतं. त्या भाईंदर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्याचाही त्यांना संताप येत होता.

मग एका संध्याकाळी राईतच, लग्नघराच्या अंगणात, चादर बांधून आम्ही तो माहितीपट दाखवला. सगळं गाव लोटलं. आणि कुणीही गाणं ऐकेना. हा बघ पांडू, ती बघ मावशी, अरे माझी गाय, असा गलका. टेपवर हिरूबाय गातेय, आणि ती स्वतः पुढे बसून शेजारणीला काहीतरी सांगतेय. मालतीबाई प्रोजेक्टरपाशी उभ्या राहून हताशपणे माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात पहिला काळा तुकडा आला.

बघायला काही उरलं नाही, तसा गलका ओसरला. काळोखात फक्त धवला राहिला. हिरूबाय कुणाला तरी नावाने बोलावत होती. गेल्या साली वारलेला त्या घरचा आजा असावा, कारण मागे एक म्हातारी हुंदका देऊन रडली. मग दोन-तीन बायकांनी हळू आवाजात सूर धरला. चित्र परत आलं, तरी त्या गातच राहिल्या. मालतीबाईंनी पदराने चेहरा पुसला आणि मला दटावून म्हणाल्या, "टेपकडे लक्ष दे."

त्यानंतर तो माहितीपट फारसा कुठे लागला नाही. दमट, खाऱ्या हवेत फिल्मला बुरशी धरली. पण त्यांच्या डोक्यात तोवर समुद्रकाठचं तारोडी गाव घुसलं होतं. तिथल्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांची गाणी त्यांना हवी होती. मला तेव्हा लहान मूल होतं, मी जाऊ शकले नाही. त्या एकट्याच कॅमेरा घेऊन एकदा गेल्या. आवाज नंतर टिपू, असं मीच म्हटलं होतं, आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं होतं, "नंतर म्हणजे कधी?"

त्याच वर्षी त्यांना कावीळ झाली. इस्पितळात मी राईच्या संध्याकाळची आठवण काढली, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी हात झटकला. "ते झालं. तारोडीचं राहिलं, त्याचं बोल." बरं होऊन जाऊ, असं मी म्हटलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

भावाने कॅमेरा मला दिला. आत एक रीळ होतं. धुऊन आणलं तर त्यात बोंबलांच्या माळा, वाळू, आणि मग चार-पाच बायका तोंडं उघडून गाताना. शेवटी चित्र एकदम हिसका खाऊन वर जाई आणि नुसतं आभाळ दिसे. आवाज नाही. त्या काय गात असतील, ते ओठांवरून ओळखायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी प्रोजेक्टर उसना घेऊन तारोडीला गेले, त्या बायका शोधल्या, आणि एका घरात दारंखिडक्या लावून त्यांना ते दाखवलं. हे कुठलं गाणं, मी विचारलं.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांतली एक तोंडावर हात ठेवून म्हणाली, "गानं न्हाय बाय, आमी हासतोय. तुमची मास्तरीण मागं मागं सरकत चिखलात बसली ना! पन कॅमेरा काय सोडला न्हाय. डोक्यावर धरून बसली होती."