मनुबाईची बाटल्यांची रांग

चेंदणी कोळीवाड्यातल्या मनुबाईला चिडायला फारसं कारण लागत नसे. पण १९८६ सालच्या त्या मंगळवारी तिच्याकडे चांगलं घसघशीत कारण होतं. नवऱ्याचं, दमाजीचं, धापेचं औषध संपलं होतं आणि डॉक्टर चक्रदेवांच्या दवाखान्यात ती सकाळी नऊपासून बाकावर बसून होती. साडेअकरा झाले तरी तिचा नंबर येईना. दर पाच मिनिटांनी कुणीतरी इस्त्रीच्या शर्टातला माणूस दार ढकलून आत शिरायचा आणि जाता जाता म्हणायचा, "फक्त रिपोर्ट दाखवायचाय." मग आतून पंधरा मिनिटं त्याच्या हसण्याचा आवाज यायचा. इकडे बाजारात मनुबाईची बोंबलांची टोपली शेजारणीच्या भरवशावर पडली होती.

डॉक्टर हाताचा गुण असलेला माणूस, पण इतका भिडस्त की दारातलं मांजरही त्याला हाकलता येत नसे. मनुबाई शेवटी आत गेली आणि औषधाचं नाव काढण्याआधी म्हणाली, "डाक्टर, तुमच्या दवाखान्यापरीस आमचा मासली बाजार बरा!"

"मग तुम्हीच सांगा मनुबाई, काय करू?" दमलेले डॉक्टर म्हणाले. आपण हे बोलायला म्हणून बोलतो. पण मनुबाईला बोलायला म्हणून बोलणं ठाऊकच नव्हतं. तिने तो हुकूम मानला.

त्या काळी औषध घ्यायला जाताना घरून बाटली न्यावी लागे. कंपाउंडर शिवराम तीत गुलाबी औषध भरायचा आणि डोस कळावेत म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाईने सगळ्यांच्या बाटल्या गोळा केल्या आणि आलेल्या क्रमाने खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या. बाजाराचा कायदा तिने जसाच्या तसा उचलला होता. पहाटे जिची टोपली आधी टेकली, ती जागा तिची. मग ती चहाला जावो, नाहीतर पोरीच्या साखरपुड्याला. दुसरीच्या टोपलीला हात लावायचा नाही. लावलाच, तर हात लावणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला, आणि उद्धाराचं ते काम बहुतेक वेळा मनुबाईकडेच असे.

"बाटली म्हंजे मानूस," तिने जाहीर केलं. "रिपोर्टवाल्यानं पन बाटली आनायची. रिकामी आसंल तरी चालंल."

बँकेतले एक साहेब फणकाऱ्याने घरी गेले आणि परत येताना सॉसची बाटली घेऊन आले. ती अकरावी लागली. मनुबाईची स्वतःची बाटली चपटी होती. एकेकाळी दमाजी तीतून काय प्यायचा हे अख्ख्या कोळीवाड्याला माहीत होतं. आता तीच बाटली त्याचं औषध वाहते, याचा मनुबाईला फार आनंद होता.

गंमत म्हणजे डॉक्टरांनाही गोडी लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दहा-बारा पेशंटना बाकावर बसवून विचारू लागले, अजून काय खुपतंय? दारात पाण्याचा माठ आला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शिवराम डोस दोनदा तोंडी सांगू लागला. बैठकीचं अध्यक्षपद मनुबाईला कुणी दिलं नव्हतं. पण ते तिच्याकडून काढून घेण्याची छातीही कुणाला झाली नाही.

तिला आडवे जायचे ते एकटे आबा. नौपाड्यातले निवृत्त पोस्टमास्तर, बोलणं शुद्ध आणि आवाज बारीक. एका रविवारी ते म्हणाले, "माझी एक सूचना आहे. ओळीतली पहिली जागा रिकामी ठेवावी. एखादा अत्यवस्थ रुग्ण आला तर त्याच्यासाठी."

"आनि अत्यवस्थ कोन ते कोन ठरवनार? हितं सगलेच मरायला टेकलेले आसतात!" मनुबाई कडाडली. "आज जागा ठेवा, उद्या रिपोर्टवाला छातीवर हात ठेवून येल." एक घाव दोन तुकडे. आबांनी चष्मा पुसला आणि सूचना तिथेच बारगळली.

त्यानंतरच्या जानेवारीत, एका थंडीच्या सकाळी, दमाजीचा श्वास अडकला. मनुबाईने त्याला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात आणलं. कट्ट्यावर तेरा बाटल्या होत्या. तिने चपटी बाटली चौदावी ठेवली.

दमाजी बाकावर गुडघ्यांना हात टेकून बसला होता. त्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती आणि ओठ निळसर दिसत होते. आतून शिवराम नुकताच बाहेर आला होता. त्याचा चेहराच उतरला. "मावशी, थेट आत न्या त्यांना."

"चवदावा नंबर हाय," मनुबाई म्हणाली.

ती आयुष्यात इतकी घाबरली नव्हती. तिने तेरा बाटल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. आज आपल्या माणसासाठी आपणच कायदा मोडला तर उद्या कुठल्या तोंडाने दुसऱ्याला अडवायचं? आणि नाही मोडला तर? पुढचं तिच्याने मनात आणवेना. ती खिडकीकडे पाठ करून दमाजीची पाठ चोळत राहिली. दमाजीने काही सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. त्याच्या तोंडून निदान शिवी तरी यावी, असं तिला वाटलं.

वळून पाहते तर चपटी बाटली ओळीत पहिली.

 बँकेचे साहेब छताकडे बघत होते. आबा पेपरात असे गढले होते, जणू त्यात त्यांचंच नाव छापून आलंय.

"कोनी हात लावला माज्या बाटलीला?"

आबांनी पेपराचं पान उलटलं. सात पिढ्यांचा उद्धार मनुबाईच्या जिभेवर तयार होता, पण तो घशातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. तेवढ्यात शिवरामने पहिली बाटली उचलली आणि नेहमीच्या आवाजात पुकारा केला, "दमाजी कोळी!"

इंजेक्शनाने अर्ध्या तासात धाप बसली. दमाजीचा पहिला शब्द शिवीच होता. मनुबाईला हायसं वाटलं.

पुढच्या रविवारी कुणी काही बोलायच्या आत ती उभी राहिली. "पयली जागा रिकामी ठेवायची. मी कवाधरनं सांगतंय, पन हितं माजं ऐकतंय कोन?"

आबांनी मान डोलावली. "खरं आहे. आम्हीच जरा हटवादी."

मनुबाईने खडूने कट्ट्याच्या सुरुवातीला एक गोल काढला. पुसट झाला की ती दर सोमवारी पुन्हा गिरवायची. दमाजी पुढे आणखी सहा वर्षं जगला. तो गेल्यावरही तिचा सोमवार चुकला नाही.

नव्वदच्या दशकात गोळ्यांची पाकिटं आली आणि गुलाबी औषध बंद झालं. तरी चेंदणीतले लोक रिकाम्या बाटल्या घेऊनच दवाखान्यात येत. एकदा खोपटच्या नव्या बिल्डिंगीतला एक तरुण आला. त्याने ओळ पाहिली, माठाशेजारी ठेवलेल्या जादा बाटल्यांतली एक मागून घेतली आणि पुढे मोकळी जागा दिसली म्हणून नेमकी खडूच्या गोलात ठेवली.

"ए दादा!" बाकावरून मनुबाईचा आवाज आला. आता केस पांढरे झाले होते, पण आवाज अजून बाजारातलाच होता. "उचल ती."

"अहो आजी, रिकामीच तर जागा आहे."

"रिकामी नाय," मनुबाई म्हणाली. "ती कोनाची तरी हाय. त्यो आजून यायचाय."