घाटावरचा एम. ए.

आमच्या रिठदच्या पवनने इतिहासात एम. ए. केलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी, जगदेवकाकांनी, गल्लीभर पेढे वाटले. त्याला आता सहा वर्षं झाली. पवन वाशीमला अर्ज टाकून आला, परीक्षा देऊन आला, दोनदा एकेका मार्काने हुकला. "इतिहास शिकून कोणाचं पोट भरलं?" काका रोज विचारत आणि नेमकं जेवताना विचारत. याचा मला फार राग यायचा. मी शेजारी, मला सगळं ऐकू येई.

पण गावाला पवन लागायचा. आमच्याकडे सरण पेटलं की स्मशानघाटावरच शोकसभा होते. कोणीतरी उठून चार शब्द बोलतो आणि ते शब्द वर्षानुवर्षं तेच: मनमिळाऊ स्वभाव, न भरून येणारी पोकळी. एकाने सगळ्या भावकीला कोर्टात खेचलं होतं, तोही घाटावर मनमिळाऊच निघाला. पवनला हे सहन होईना. कोणी गेलं की तो आधी त्या घरी जायचा, म्हाताऱ्यांना विचारायचा, सालं ताडून पाहायचा. मग घाटावर सांगायचा की या माणसाने दुष्काळात कोणती विहीर खणली आणि पाणी कोणाकोणाला भरू दिलं. तेवढा वेळ कोणी तंबाखूसुद्धा मळत नसे. पोराला नोकरी नव्हती, पण मयतीत मान पहिला. असला हा आमचा हुशार वेडा.

गेल्या हिवाळ्यात फुलचंदभाऊंची आई, विमलबाई, वारली. फुलचंदभाऊंचं स्वतःचं कॉलेज आहे आणि तिथे इतिहासाची जागा रिकामी होती. त्यांनी पवनला बाजूला घेऊन एक टाइप केलेला कागद दिला.

"एवढंच वाच. अन् सोमवारी कॉलेजात ये."

काकांनी तिथल्या तिथे हात जोडले.

घाटावर मोठमोठी माणसं आली होती. कागदात होतं की विमलबाई जमीनदाराची लेक, हाताखाली गडीमाणसं. पवनने कागद मनातल्या मनात वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"विमलआजी केनवडच्या बाजारात पोत्यावर बसून मिरच्या विकत," तो म्हणाला. "त्या मिरच्यांवर त्यांनी फुलचंदभाऊंना शिकवलं. मी दप्तर घेऊन गेलो की माझ्या पिशवीत एक मूठ जास्त टाकत."

मागे एक म्हातारा रुमालात तोंड लपवून रडला. फुलचंदभाऊंनी मान वर केली नाही.

सोमवारी पवन कॉलेजात गेला. जागा भरली, असं शिपायाने गेटवरच सांगितलं.

त्या रात्री त्यांच्या घरात रामायण होणार म्हणून मी मुद्दाम ताकाचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. बापलेक जेवायला बसले होते.

"पवन," काका म्हणाले, "माह्या मयतीच्या वक्ताले तूच बोलजो. दुसऱ्या कोणाले उभं राहू देऊ नको."

"बाबा, मी खरं तेच सांगीन."

"त्याच्याचसाठी तं मनून राह्यलो." काकांनी त्याच्या ताटात भाकर वाढली. "अन् तुले रोज जेवताना मी काय काय बोललो, तेबी सांगजो."