पूर्ण बाह्या, बंद गळा

फिलोमिनाला पडद्याआड जाऊन दहा मिनिटं झाली, तरी बाई बाहेर येईना. बाहेर स्टुलावर तिची आई तेरेझामावशी आणि धाकटी बहीण लीना ताटकळत बसलेल्या. लग्न शनिवारी, आणि हा बुधवार. मी दोनदा हाक मारली.

"फिलू, हूक लागत नाहीत का गं? येऊ का आत?"

"ताई, तुम्ही एकट्याच या."

मी आत गेले. गाऊन खुंटीवर टांगला होता तसाच होता. ही पोरगी मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून उभी. आवाज न करता रडत होती.

"मी लिहिलं होतं ना, ताई?" ती म्हणाली. "तीन पत्रांत लिहिलं होतं."

लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. काय लिहिलं होतं आणि आम्ही काय केलं, ते आधी सांगते.

माझं दुकान बोरिवलीला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. संपात नवऱ्याची गिरणी बसली आणि मी मशीन बाहेर काढलं. ब्लाउज शिवणाऱ्या बायका गल्लोगल्ली होत्या. मला ख्रिश्चन लग्नाचे गाऊन यायचे, म्हणून माझं चाललं. ती विद्या मला ऑर्लेमच्या ब्रिजिटबाईंनी दिली. बाई कडक. टाका वाकडा गेला की बोटावर पट्टी मारायच्या. त्यांचा एक नियम होता: पडद्याआड दिसलं ते पडद्याआडच ठेवायचं. बाईच्या अंगावर काय आहे, काय नाही, ते टेलरला सगळं दिसतं. कोण पोटुशी आहे ते नवऱ्याच्या आधी आम्हाला कळतं. ते बाहेर गेलं की धंदा बसला, असं त्या म्हणायच्या. मला तो नियम फार आवडायचा. आपण डॉक्टरांच्या बरोबरीच्या आहोत असं वाटायचं.

तेरेझामावशी मनोरीची. खाडी ओलांडणारी तर, म्हणजे होडी, पकडून मार्व्यावरून यायची, बरोबर सुकी मासळीची पिशवी असायचीच. नवरा नव्हता. मोठी मुलगी फिलोमिना तीन वर्षं गल्फमध्ये नर्स होती. मनोरीत सगळ्यांना ठाऊक, नर्स. लग्न गोराईच्या पीटरशी ठरलेलं. पोरगी लग्नाच्या जेमतेम चार दिवस आधी पोचणार होती, म्हणून सगळं पत्रांतून चाललं होतं. केक किती मजली, फुलं कुठली, बँडने काय वाजवायचं, सगळं ती तिकडून लिहायची. तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पत्रं यायची. मावशी ती घेऊन थेट दुकानात, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि लीना वाचताना अर्ध्यात हसत सुटायची.

ड्रेसबद्दल फिलूने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मासिकातलं एक कात्रण चिकटवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "मला झगमगाट नको. एलिगंट हवं. पूर्ण बाह्या, बंद गळा, पाठ बंद. सगळीकडे सॅटिन." आठ मीटर पांढरं सॅटिन तिने तिकडूनच पाठवलं होतं. काय कापड होतं! हातात धरलं की निसटायचं.

मी मावशीला म्हटलं, "मे महिन्यात हे? पोरीला भोवळ येईल की!"

"तेच तर," मावशी म्हणाली. "आजीबाईसारखं काय घालायचं? मी वांद्र्याहून नेट आणते. हात नि गळा नेटचा कर. दिसायला पाहिजे माझी पोर."

नेट म्हणजे जाळीचं कापड. आतलं सगळं दिसतं. गळ्यापासून छातीपर्यंतचा जो भाग असतो त्याला आम्ही योक म्हणतो. मावशीला योक आणि बाह्या नेटच्या हव्या होत्या. उरलेल्या सॅटिनची मागे फरफटणारी लांबलचक ट्रेल.

दुसऱ्या पत्रात पुन्हा तेच. "बाह्या पूर्ण. विसरू नका." तिसऱ्यात त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या.

आता बघा, कागदावरचं गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. मावशी काउंटरला टेकून उभी, रोज उठून तेच म्हणणारी. आमच्या धंद्यात समोरचा जिंकतो. मी नेट कापली. मला स्वतःलाही ती जास्त बरी दिसत होती, खोटं कशाला बोलू?

माप कुणाचं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. लीना एकोणीसची, बहिणीच्या साच्यातली. तिलाच उभी केली. छाती, कंबर, दंडघेर, सगळं तिचं. वहीत नाव लिहिलं 'फिलोमिना' आणि आकडे लीनाचे. कच्च्या टाक्यांवर, म्हणजे नंतर उसवता येतील अशा लांब टाक्यांवर, गाऊन जोडला आणि लीनाला घालून बघितला. ती आरशासमोर गोल गोल फिरली.

"ताई, झकास! माझ्या लग्नात पण नेटच हां. लिहून ठेवा आत्ताच."

"आधी नवरा आण," मी म्हटलं.

तर, बुधवार. पडद्याआड मी आणि फिलू.

"घालून तर बघ," मी म्हटलं. "अंगावर घातलास की आवडेल."

तिने शर्टाची बटणं काढली. बाह्या खाली केल्या.

दोन्ही हातांवर, कोपराच्या वर-खाली, डाग होते. तिकोनी, पुढे टोक असलेले. एकावर एक, काही जुने, काही ताजे. मी इस्त्री रोज हातात धरते. तो आकार कशाचा, ते मला कुणी सांगायला नको होतं. गळ्याखालची कातडी भाजून सुरकुतलेली, तिथे काहीतरी उकळतं पडलं होतं. आई गं, एवढंच तोंडातून निघालं.

"हळू," ती म्हणाली. "आई बाहेर आहे."

कुजबुजत तिने सांगितलं. एजंटने हॉस्पिटलची नोकरी म्हणून नेलं आणि एका घरात सोडलं. नर्स नाही, मोलकरीण. पासपोर्ट त्या घरच्या मॅडमने कपाटात ठेवला. पत्रं ती मॅडमची मुलं झोपली की लिहायची. तिची स्वतःची अशी तेवढीच एक गोष्ट तिकडे होती, हे लग्न.

"मग सोडलं कसं तिने तुला?"

तिने खाली बघितलं. "ती म्हणाली, तुझ्या जागी माणूस दे आणि जा. मी लीनाचं नाव दिलं."

"काय?"

"दुसऱ्या कुणाचं देणार, ताई? मला यायचं होतं. इथे आले की लीनाला थांबवीन म्हटलं. एजंट कागद घेऊन घरी येऊन गेलाय. आई खूश आहे."

"मग थांबव ना! आत्ता, या मिनिटाला. बाहेरच बसली आहे ती."

"लग्न होऊ दे. चर्चमध्ये सगळ्यांपुढे लग्नाची नावं वाचून झाली. पीटरच्या घरी आत्ता कळलं तर म्हणतील, तीन वर्षं कुठे होती, काय करत होती. कोण विश्वास ठेवणार? लग्न झालं की मी पीटरला सांगेन आणि लीनाला पण सांगेन. तुम्ही बोलणार नाही ना?"

मी तिचा हात धरला आणि मोठ्या रुबाबात म्हटलं, "आमच्याकडे पडद्याआडचं बाहेर जात नाही."

त्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

बाहेर येऊन मी मावशीला सांगितलं की नेट टोचतेय, पोरीच्या अंगावर पुरळ येईल. नेट काढून सॅटिन लावावं लागेल, आणि सॅटिन फक्त ट्रेलमध्ये आहे.

"ट्रेल कापणार?" मावशी किंचाळलीच. "अगं बाय, आख्ख्या मनोरीत तशी ट्रेल कुणाची झाली नाही!"

"पुरळ घेऊन उभी राहील का वेदीपुढे?"

मावशी पाय आपटत निघाली. मी ट्रेल कापली. त्यातून दोन बाह्या, योक आणि गळ्याची उभी पट्टी निघाली. बाह्यांना आतून मलमल लावली, ताज्या डागांना सॅटिन घासू नये म्हणून. शुक्रवारी दुपारी गाऊन तयार होता. आयुष्यात मी एवढं नीट काम केलं नाही.

शनिवारी मी मनोरीला गेले. पोरगी घामाने निथळत होती, पण ताठ उभी होती. पीटरची आत्या माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काय सोज्वळ ड्रेस शिवलास गो! आजकालच्या पोरी सगळं उघडं टाकतात." जेवणाच्या वेळी फिलूला मी बाजूला घेतलं.

"लीनाला सांगितलंस?"

"सोमवारी सांगते, ताई. नक्की."

सोमवार आला आणि गेला. मला काही निरोप नाही. मी पण विचारलं नाही. गिऱ्हाइकं होती, मुलांच्या शाळा सुरू झाल्या होत्या, कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

आणि एक दिवस लीना स्वतःच दुकानात आली. दोन स्कर्ट आणि दोन ब्लाउज शिवायचे होते. अर्ध्या बाह्यांचे.

"निघाले मी, ताई! पंधरा दिवसांत तिकीट."

मी विचारलं, "फिलू काय म्हणाली?"

"म्हणाली, काम खूप असतं, मॅडम कडक आहे, जपून राहा. मी काय घाबरते काय? कडक तर तुम्ही पण आहात!" आणि ती हसली.

टेप माझ्या हातात होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी मनाशी म्हटलं, बहिणीने सांगितलंय तिला, समजून जाते आहे, आपण कोण मध्ये पडणारे? आणि शब्द दिला होता ना मी. मी वही काढली. मापं होतीच. लीना गेली.

दीड वर्षाने फिलू आली, कडेवर पोर घेऊन. पत्र माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसली.

लीनाचं लग्न मावशीने इकडे ठरवलं होतं. अक्षर लीनाचंच, पण कुठे हसणं नाही. तारीख चालेल. केक लहान चालेल. मग शेवटी: "ड्रेस सुनंदाताईंकडेच शिवा. माप त्यांच्या वहीत आहे. नेट नको. पूर्ण बाह्या, बंद गळा."

मी ते परत वाचलं. फिलूकडे बघितलं.

"मी सांगितलं होतं तिला, मॅडम कडक आहे म्हणून," ती म्हणाली. "एवढंच सांगितलं. हात दाखवायची लाज वाटली, ताई. पीटरला अजून वाटतं, हॉस्पिटलात स्टोव्ह भडकला होता."

मी भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं. दोघी मार्व्याला गेलो, तरीत बसलो. मनोरीत मावशी अंगणात मासळी उलटीपालटी करत होती. मीच सांगितलं सगळं. मावशीने हात धुतले, पुसले, आणि फिलूची बाही वर केली. एक, मग दुसरी. रडली नाही. मग माझ्याकडे वळली.

"तू बघितलं होतंस."

"हो, मावशी."

"आणि मला पुरळ म्हणालीस."

मी मान खाली घालून उभी राहिले.

फादरनी चिठ्ठ्या लिहिल्या. तिकडे काम करणारा गावचा एक माणूस ऑफिसांत खेटे घालत राहिला. लीनाला यायला सात महिने लागले. लग्नाची ठरलेली तारीख केव्हाच टळली होती. मुलाकडचे थांबले, हे त्यांचं भलेपण. ड्रेस माझ्याकडेच आला. मावशी मात्र दुकानात पुन्हा कधी चढली नाही.

लीना एकटी आली. पडद्याआड तिने शर्ट काढला. मी वहीतलं जुनं पान फाडलं आणि नव्याने माप घ्यायला लागले. दंडघेर दोन इंच कमी भरला.

"ताई, स्कर्ट शिवायला आले होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिने मान हलवली आणि दुसरा हात पुढे केला. मी त्याचंही माप लिहून घेतलं.

ब्रिजिटबाईंचा नियम मी तेव्हापासून मोडीत काढला. आता मे महिन्यात कुणी पूर्ण बाह्या आणि बंद गळा मागितला की मी कात्री खाली ठेवते आणि आधी विचारते, का गं? गिऱ्हाइकं चिडतात. म्हणतात, तुम्हाला काय करायचंय, पैसे देतोय ना. दोघी-तिघी कापड उचलून दुसरीकडे गेल्या. जाऊ देत. मी विचारतेच.