दशरथचे कॅन

धायरीच्या त्या सोसायटीत २००६च्या दिवाळीत एक कुजबुज जिन्याजिन्यांतून फिरत होती. सांडपाण्याच्या प्लँटवरचा दशरथ म्हणे घाणीतून तांबं काढतो आणि रोज पहाटे सायकलवर कॅन लादून पळवतो. पुरावा? गडी कसबा पेठेतला तांबट, आणि बायको हिरा नव्या चपला घालून मंडईत दिसली! पुण्यात माणसाला दोषी ठरवायला एवढं पुष्कळ झालं.

स्टीलपुढे भांड्यांचा धंदा बसला, तेव्हा दशरथने ही नोकरी धरली. टाकीच्या तळच्या काळ्या गाळावर त्याचा जीव. त्यातले जंतू पाण्यात विरघळलेलं तांबं धरून गाळातच बसवून टाकत. वरचं निवळ पाणी बागेतल्या हौदात जाई, आणि हौदात सेक्रेटरी सर्जेरावांचे लाडके रंगीत मासे.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी तांब्याची भांडी अ‍ॅसिडने उजळली, मोऱ्यांत ब्लीचच्या बाटल्या उपड्या झाल्या. जंतू मेले, तांबं तसंच पुढे गेलं, मासे उलटे तरंगले. सर्जेरावांनी बजावलं, "पुन्हा झालं, तर गाशा गुंडाळायचा."

म्हणून यंदा दशरथ दारोदार चिंच वाटत फिरला.

"वहिनी, भांड्यांना ही लावा. मोरीत ब्लीच नको, खालचे जंतू मरतात."

"अहो, जंतू मरावेत म्हणूनच तर विकत आणतो!" आयटीतल्या दीपमालाबाई गोड हसल्या. चिंच मात्र ठेवून घेतली. संध्याकाळी तिची चटणी झाली, आणि मोरीत ब्लीच गेलंच.

वसुबारसेला गाळ करडा पडला. मोठ्या प्लँटवरच्या ओळखीच्या माणसाकडून जिवंत गाळ मागून आणून दशरथ रोज पहाटे टाकीत ओतू लागला. पण जंतू काय, दोन-चार दिवसांत संसार थाटतात होय? पाडव्याला मासे उलटे.

"काय दशरथ, किती तांबं काढलंत?" सर्जेरावांनी विचारलं.

"काढता आलं असतं, तर मासे जगले असते, साहेब."

"उद्यापासून येऊ नका."

दशरथने कॅन सायकलला बांधले. तांबट आळीतलं भांड्यांचं दुकान त्याने केव्हाच मोबाइलवाल्याला दिलेलं होतं. फाटकाशी वॉचमनने कॅन उघडून पाहिले, तेव्हा गॅलऱ्यांतून चार डोकी वाकली होती.

कॅन येताना भरलेले असत, जाताना रिकामे. येताना त्यात गाळ असे. तांबं कधीच नव्हतं.