जेलवाल्या बाई

"मी मेलेल्या कैद्यांचं बघते हो, जिवंतांचं नाही!"

दारात उभं राहून, दोन्ही हात हलवत असं सांगणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली. मस्कतजवळ अल हैलला त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. हे वाक्य शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, हमखास कानावर पडायचं.

बाई मुंबईच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. नवऱ्याला मस्कतला मोठी नोकरी लागली म्हणून आपली सोडून आल्या आणि घरी बसून पुस्तक लिहायला लागल्या. ते कशावर, तर जुन्या तुरुंगांवर. इंग्रजांच्या काळात आफ्रिकेच्या बंदरांत कोकणातले खलाशी पकडले जायचे, त्यांना कसं ठेवायचे, यावर. मी भाकरी थापत असले की ओट्याला टेकून सांगायच्या, "गोऱ्या कैद्याला पाव, आपल्या माणसाला भात आणि तिथल्या काळ्या माणसाला मक्याचं पीठ. गुन्हा तोच, भिंत तीच, पण ताट कातडी बघून." माझी शाळा चौथीपर्यंत. पण हे मला लगेच कळलं. आमच्या गावच्या पंगती मी पाहिल्या होत्या.

आता गंमत ऐका. म्हाताऱ्या खलाशांच्या शोधात बाई मस्कतमधल्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत जायच्या आणि गोड आवाजात विचारायच्या, "तुमच्या घरातलं कुणी जेलमध्ये होतं का?" परमुलुखात, व्हिसावर राहणाऱ्या माणसाला हे विचारायचं! आधी लोकांनी दारं लावली. मग कुणीतरी उठवलं की या बाई माणसं सोडवतात. झालं. शुक्रवारी सकाळी त्यांच्या दारात चपला जमायला लागल्या.

बाईंची आणखी एक रीत होती. माणूस बोलत असेपर्यंत त्या चहाला हात लावायच्या नाहीत. "कप वाजला की टेपवर आवाज बुडतो," म्हणायच्या. टेप नसला तरी तसंच. मी एकच चहा तीनतीनदा गरम केलेला आहे.

अशाच एका शुक्रवारी वादी अदाईहून एक खाला आल्या. आमच्याच चाळवजा इमारतीत राहायच्या, मीच त्यांना पत्ता दिला होता. त्यांचा धाकटा भाऊ लांब इब्री गावाला शिंपी होता. अर्बाबाचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाचं, दुकान सोडून दुसऱ्या दुकानात बसला. अर्बाबाने पळाला म्हणून तक्रार केली आणि पोलिसांनी उचलला. पासपोर्ट अर्बाबाकडे. गावी पोरीचा निकाह ठरलेला.

बाईंनी नेहमीचं वाक्य सुरू केलं. खाला उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बाय, मेल्यावर त्याचं बघशीलच ना? मग आताच बघ. तेवढाच तुझा वेळ वाचंल."

बाई आधी हसल्या. मग वही ओढून भावाचं नाव आणि अर्बाबाचा पत्ता लिहून घेतला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही इब्रीला अर्बाबाकडे निघालो. आमचे हे कंपनीत ड्रायव्हर, त्यांना अरबी येतं, म्हणून ते. बाईंना सोबत म्हणून मी. वाटेत बाई सारखा रुमाल पिळत होत्या. "इतकी वर्षं जेलवर लिहिते गं," मला म्हणाल्या, "पण कुणासाठी कधी कुलूप उघडायला गेले नाही. तो नाही म्हणाला तर?"

हे म्हणाले, "नाही म्हणाला तर खजूर खाऊन परत येऊ."

अर्बाब म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. बैठकीत गालिच्यावर बसवलं, खजूर पुढे केले आणि स्वतःच्या हाताने बाईंना छोट्या कपात कॉफी ओतली. बाईंनी कप घेतला आणि सवयीप्रमाणे समोर ठेवून दिला. मग बोलायला लागल्या. हे अरबीत सांगत होते. शिंपी दुकानातच झोपायचा, किती वर्षांत घरी गेला नाही, पोरीचं लग्न आहे.

अर्बाबाने कपाकडे पाहिलं. "फद्दली," म्हणाला.

"घ्या म्हणतोय," हे म्हणाले.

"आधी बोलणं होऊ दे," बाई म्हणाल्या आणि पुढे सांगायला लागल्या.

अर्बाबाचा चेहरा बदलला. तो एकदा बाईंकडे बघे, एकदा कपाकडे. मला वाटलं, आता चिडतो. मग त्याने छातीवर हात ठेवला आणि काहीतरी लांबलचक बोलला.

ह्यांचे डोळे मोठे झाले. "हो म्हणतोय! तक्रार मागे घेतो, पासपोर्ट देतो. आता कॉफी प्या म्हणतोय."

"पण माझं अजून अर्धं राहिलंय!"

"बाई, आधी प्या हो!"

बाईंनी गार कॉफी एका घोटात संपवली. अर्बाबाने सुटल्यासारखा श्वास सोडला.

गाडीत ह्यांनी उलगडा केला. इकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा ते मान्य होईपर्यंत कॉफी न पिता खाली ठेवतो. ती तशीच राहिली तर घरमालकाची अब्रू जाते. बाई अशा हसत सुटल्या की ह्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. "मी आफ्रिकेपासून सुरुवात करून सगळं सांगणार होते रे!" त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"म्हणूनच देवाने कॉफी मध्ये घातली," हे म्हणाले.

शिंपी निकाहाला पोचला. त्यानंतर दारातली माणसं बाईंनी परत पाठवली नाहीत. कुणाचं काम झालं, पुष्कळांचं नाही झालं. पुस्तक मात्र रखडलं. नवरा कुरकुरायचा, "मेलेले वाट बघतायत तुझी." पण पुस्तक निघालं, परदेशातल्या मोठ्या विद्यापीठाने बोलावलं आणि बाई गेल्या. मी त्या घराच्या किल्ल्या वॉचमनला दिल्या तेव्हा ओट्याशी उगाच थोडा वेळ उभी राहिले.

बाई परदेशी जायच्या आधी शिंप्याने गावाहून त्यांच्यासाठी कुडता शिवून पाठवला होता. त्याने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. अर्बाब जिच्यापुढे नमला ती बाई धिप्पाड असणार, असा त्याने अंदाज बांधला. आमच्या बाई बुटक्या, सडपातळ. त्या कुडत्यात दोघी मावल्या असत्या. मी म्हटलं, "आत घालून शिवून देते." नको म्हणाल्या.

पुढे त्यांचा एक फोटो आला. मोठा हॉल, समोर काळी-गोरी सगळी पोरं, आणि टेबलामागे आमच्या बाई, हात वर करून काहीतरी सांगतायत. अंगात तोच कुडता, खांद्यावरून घसरलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.