गोलसमोरचं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षांत पडेगावकडच्या आमच्या ग्राउंडवर एवढी धूळ असायची, की कॉर्नरवरून मारलेला चेंडू एकदा आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला. मी गोलकीपर. डोळे मिटून पेनल्टी अडवणारा मराठवाड्यातला एकमेव, असं मी सांगत आलोय. डोळे धुळीनं मिटायचे, एवढं सांगत नाही.

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. तरी मॅचच्या दिवशी प्रत्येकानं सायकलला एक कॅन अडकवून आणायचा, अंघोळीचं नाहीतर भांड्यांचं पाणी भरून, हा आमचा कायदा. ते फक्त दोन्ही गोलसमोर मारायचं, कारण कीपर तिथं आडवा पडतो. आणि मारायचं कुणी? ज्याला त्या दिवशी टीममध्ये घेतलं नाही, त्यानं. अकरा वर्षांत माझ्यावर ती पाळी आली नव्हती.

कॅप्टन माझा शाळेपासूनचा दोस्त. औरंगपुऱ्यात घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचा गुडघा गेला, डॉक्टरांनी खेळ बंद केला, तेव्हा घड्याळं उघडी टाकून तो नुसता बसून राहायला लागला. एका दुपारी त्याच्या दुकानातला पेपर मी उचलला. स्कॉटलंडचा कुणी खेळाडू खेळणं सुटल्यावर मॅनेजर झाला, अशी चार ओळींची बातमी होती. चार ओळींनी माणूस उठतोय होय? मी वाचता वाचता चाळीस केल्या.

"अन् पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या सगळ्यात जवळच्या दोस्ताला टीमबाहेर काढलं! बाकीचे असे टरकले, की कप घेऊनच आले."

डोळ्यावरचं भिंग न काढता त्यानं विचारलं, "छापलंय?"

"हौ मियाँ, छापलंय."

पुढच्या आठवड्यात तो गळ्यात शिट्टी अडकवून आमचा मॅनेजर झाला.

त्या मोसमाची फायनल आली तोवर ग्राउंडवर प्लॉट पडले होते. चुन्याच्या रेषांवरून बघितलं तर आमच्या पेनल्टी बॉक्समध्ये कुणाची तरी बेडरूम येत होती. इथली ही शेवटची मॅच, हे सगळ्यांना माहीत होतं. मला त्या दिवशी त्या गोलमध्ये उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं.

मॅनेजरनं नावं वाचली. गोलमध्ये दौलताबादकडचा मेंढ्या राखणाऱ्या घरातला एक उंच गडी.

"अन् मी?"

"तू बाहेर. पोट बघ आपलं. तू वाकेपर्यंत चेंडू जाळीत जाऊन झोपतो." मग हळू आवाजात म्हणाला, "त्या स्कॉटलंडवाल्यानं पण केलं होतं ना, यार."

ती थाप होती, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण अकरा जण बघत होते, आणि त्याची मॅनेजरकी गळ्यातल्या त्या एका शिट्टीवर उभी होती. मी कॅन उचलला. गोलमागं वाळत चाललेला लिंब होता. क्षणभर वाटलं, सगळं त्याच्याच बुडाशी ओतावं.

"भाऊ, उजवीकडं बी मारा जरा," नवा कीपर म्हणाला, "लई टणक हाय तिथं."

मी उजवीकडं दुप्पट मारलं. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी आली ती तिकडंच. तो ओल्या मातीत आडवा पडला आणि चेंडू अडला. ती पेनल्टी मी अडवली, असं मी निम्म्या शहराला सांगितलंय. माझ्याच्यानं ती अडली नसती.

आता तिथं तीन मजली घरं आहेत. मागच्या उन्हाळ्यात कॅप्टन अंथरुणाला खिळला, तेव्हा मी रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसायचो. एकदा त्यानं विचारलं, "त्या स्कॉटलंडवाल्याच्या दोस्तानं पुढं काय केलं रे?"

"काय करतो? ग्राउंडवर पाणी मारत राहिला."

"छापलंय?"

"हौ मियाँ."

तो हसला, हसताना धाप लागली. "झूट. पेपर सकाळीच माझ्या दुकानात यायचा. मी तुझ्याआधी वाचला होता. चारच ओळी होत्या."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुझ्या पोटावर खापर फोडून भागत नव्हतं. तुला काढायला दुसऱ्या कुणाचं तरी नाव पाहिजे होतं मला." त्यानं मान माझ्याकडं वळवली. "तू उजवीकडं नेहमीच उशिरा पडायचास, यार."

मी हो म्हणालो. त्याच्या ओठांना कोरड पडली होती. मी पेला उचलून त्याच्या तोंडाशी धरला.